जामीन कोण राहणार?

माणूस आपल्या किती जवळचा आहे हे लग्नाच्या पंगतीत कळत नाही, दवाखान्यात डबा घेऊन येण्यातही कळत नाही. ते कळतं जामिनाच्या कागदावर सही मागितली की. कर्जाचा अर्ज हातात घेतलेला माणूस गल्लीच्या एका टोकानं आत शिरला, की दुसऱ्या टोकानं गल्ली रिकामी व्हायला लागते. वर्षानुवर्षं गुडघे दुखणारी मंडळी तरातरा जिने चढून गच्चीवर जातात. माझी भाची अमेरिकेला शिकायला निघाली तेव्हा बँकेनं तिच्या कर्जासाठी दोन जामीनदार मागितले आणि आमच्या भावजींना आपल्या मित्रपरिवाराचं नव्यानं दर्शन घडलं. रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर कट्ट्यावर उभी हयात काढली, त्यांतल्या एकाला अचानक काशीयात्रेला निघायचं होतं, एकाच्या सुनेला असले व्यवहार पसंत नव्हते, आणि एकानं तर ‘मी सख्ख्या मुलालाही जामीन राहिलो नाही’ हे छाती पुढे काढून सांगितलं. शेवटी एक सही केली ती भावजींच्या ऑफिसातल्या, त्यांच्याशी कधीच न पटलेल्या एका हेडक्लार्कनं. दुसरी माझी. तेव्हापासून या मुलीच्या शिक्षणात मला मायेचा आणि कायद्याचा असा दुहेरी रस आहे. तिला ताप आला की मी आधी काळजी करते, मग हप्त्याची तारीख बघते.

भाची गेली विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर वसलेलं हे गाव शिकागोहून बसनं तीनेक तासांवर आहे. विद्यापीठ मोठं गंभीर आणि विद्यार्थी अतरंगी, असा तिथला जुना लौकिक. १९७८च्या सुमारास तिथल्या विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत ‘पेल अँड शव्हल पार्टी’ नावाचा पक्ष उभा राहिला. बादली-फावडं पक्ष म्हणू या. निवडून आलो तर न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा मॅडिसनला आणू, हे त्यांचं एक आश्वासन होतं. ते निवडून आले. १९७९च्या फेब्रुवारीत गोठलेल्या मेंडोटा तळ्यावर लोक बघतात तो काय, बर्फातून देवतेचा मुकुट, डोळे आणि मशाल धरलेला हात वर आलेला. हेलिकॉप्टरमधून आणताना दोर तुटला आणि बाई बर्फात रुतल्या, असा खुलासा पक्षानं केला. त्याच वर्षी सत्र सुरू झालं त्या दिवशी बॅस्कम हिलच्या हिरवळीवर प्लास्टिकचे १,००८ गुलाबी फ्लेमिंगो उगवले. पुढे २००९ साली मॅडिसन नगरपालिकेनं प्लास्टिकचा फ्लेमिंगो हा शहराचा अधिकृत पक्षी म्हणून ठराव करून जाहीर केला. मला यातलं सगळ्यात अद्भुत वाटतं ते निवडणुकीतलं आश्वासन पाळलं गेलं हे.

इतक्या मोकळ्या मनाच्या गावात भाड्यानं खोली मिळवणं सोपं असेल, असं कुणालाही वाटेल. भाचीनं पुण्यात बसून एका घरमालकाचा फॉर्म उघडला. सोशल सिक्युरिटी नंबर काय? क्रेडिट स्कोअर किती? दरमहा उत्पन्न भाड्याच्या तिप्पट आहे का? आधीच्या घरमालकाचं नाव आणि फोन? अमेरिकेत राहणारा, तुमच्या भाड्याची हमी घेणारा कोणी आहे का? आमची मुलगी बोर्डात आलेली, जीआरईला उत्तम गुण मिळवलेली, आणि तिला पाचही रकान्यांत ‘नाही’ लिहावं लागलं. बरं, आधीची घरमालकीण म्हणून आईचं, म्हणजे माझ्या ताईचं, नाव लिहावं तर ताईनं तिच्याविषयी काय सांगितलं असतं याची खात्री नाही.

त्या क्रेडिट स्कोअरची गंमत अशी, की ज्यानं कधी कर्जच काढलं नाही त्याला तो नसतोच. भावजींनी आयुष्यात एक सायकल हप्त्यानं घेतली होती आणि तेवढ्या काळात त्यांना नीट झोप लागली नव्हती. ऋण काढून सण करू नये या शिकवणीवर तीन पिढ्या पोसलेलं घर. अमेरिकेच्या हिशेबात हे घरच्या घर संशयित. तिथं विश्वास बसायचा तर आधी उधारी हवी, ती थोडी थोडी फेडत असल्याचा पुरावा हवा, आणि फेडून पूर्ण मोकळं होण्याची घाई मात्र नको. बाहेरून आलेला विद्यार्थी विमानतळावर उतरतो तो या अर्थानं नवजात अर्भक असतो. पंचविशीचा, दाढी आलेला, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन आलेला. पण मागचं काही नसलेला. अशा अर्भकाला मग जास्तीचं डिपॉझिट भरा, काही महिन्यांचं भाडं आगाऊ द्या, नाहीतर पैसे घेऊन हमी घेणाऱ्या कंपनीकडे जा, असे मार्ग दाखवले जातात. पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या! भावजींचा सगळा कट्टा आपण चुकीच्या देशात जन्मलो म्हणून हळहळला असेल.

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत बाहेरदेशांतून आलेले ११ लाख २६ हजारांवर विद्यार्थी होते, आणि त्यांत ३ लाख ३१ हजारांहून जास्त आपले. त्या वर्षी आपण चीनलाही मागे टाकलं. या लाखो अर्भकांनी स्वतःची सोय स्वतःच लावली आहे, आणि ती सोय व्हॉट्सअॅपवर असते. व्हिसाचा शिक्का बसायच्या आधी मुलं ग्रुपवर जमतात आणि एक एक्सेल शीट फिरायला लागतं. नाव, विषय, बजेट, ‘प्रायव्हेट रूम’ हवी की ‘शेअरिंग’, की हॉलमध्ये पडदा लावून एक ‘स्पॉट’ चालेल. अमेरिकन माणूस ज्याला लिव्हिंग रूम म्हणतो तो आपल्या मुलांचा हॉलच राहतो, आणि त्यात एक माणूस झोपवला की सगळ्यांचं भाडं कमी होतं हे गणित कुठल्याही विद्यापीठात शिकवावं लागत नाही. पुढचा रकाना स्वच्छतेचा. दहापैकी स्वतःला गुण द्या. भाचीच्या शीटमध्ये सगळ्यांनी आठ दिले होते. नंतर ज्यांच्या सिंकमध्ये भांड्यांना बुरशी आली त्यांनीही.

मग येतो खाण्याचा रकाना: व्हेज, नॉनव्हेज, एगिटेरियन, ‘बाहेर नॉनव्हेज घरी व्हेज’. त्याच्यापुढे कुठल्या राज्याचे, कोणती भाषा. आणि जे रकान्यात मावत नाही ते खासगी मेसेजमध्ये. एका भावी रूममेटनं भाचीला अगदी सौजन्यानं विचारलं, ‘तुम्ही नेमक्या कुठल्या? म्हणजे आडनावावरून कळलं नाही.’ अमेरिकन घरमालकानं तिला बँकेचे कागद मागितले. तिचं आडनाव त्याला उच्चारताही आलं नाही, आणि त्याचं त्यावाचून काही अडलंही नाही. सातासमुद्रापार निघालेल्या आपल्या मुलाचं मात्र त्यावाचून अडत होतं. भाचीनं त्याला उत्तर दिलं, ‘आम्ही मूळचे आफ्रिकेतले. तुम्ही?’ त्यानं ग्रुप सोडला.

अखेर तिला घर मिळालं ते या शीटच्या बाहेर. गुंटूरची एक मुलगी, चीनमधल्या चंग्डूची एक आणि विस्कॉन्सिनमधल्याच एका दूधदुभत्याच्या खेड्यातली एक, अशा तिघींना चौथी हवी होती. लाकडी, जुनं, पावलोपावली करकरणारं घर. त्याचा करार भाचीनं मला पाठवला, कारण जामीनदार या नात्यानं मी तिचे सगळे कागद मागवते. त्यातलं एक कलम मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चौघींनी मिळून सही केलेल्या अशा करारात प्रत्येक जण फक्त आपल्या वाट्याच्या नव्हे, तर सगळ्या भाड्याला बांधलेला असतो. एकीनं दिलं नाही तर उरलेल्या तिघींनी भरायचं. म्हणजे गुंटूरच्या मुलीला माझी भाची जामीन, भाचीला चंग्डूची, चंग्डूला दूधवाल्याची लेक. ज्यांनी एकमेकींचा चेहराही अजून पाहिला नव्हता त्या एका सहीनिशी एकमेकींना जामीन राहिल्या होत्या. आमच्याकडे इतकी जबाबदारी सप्तपदीतसुद्धा घालत नाहीत.

करार मिळाला तरी घर लगेच मिळत नाही. मॅडिसनमधले बहुतेक करार १४ ऑगस्टला दुपारी संपतात आणि नवे १५ ऑगस्टला दुपारी सुरू होतात. मधल्या रात्री निम्मं विद्यार्थी-गाव बेघर असतं. कोणी भाड्याच्या ट्रकमध्ये झोपतं, कोणी मित्राच्या जमिनीवर, कोणी सामानाच्या ढिगाऱ्यावर पाय पसरून पहाट करतं. आपला स्वातंत्र्यदिन तिथली शेकडो भारतीय मुलं रस्त्याच्या कडेला गादीवर बसून साजरा करतात हे लाल किल्ल्याला माहीत नसावं. जाणारे लोक नको असलेलं सगळं फुटपाथवर मांडून जातात: सोफे, टेबलं, दिवे, पुस्तकांची कपाटं, एखादा चालू स्थितीतला मायक्रोवेव्ह. येणारे ते उचलून नेतात. या सोहळ्याला तिथं ‘हिप्पी ख्रिसमस’ म्हणतात. लाकडाचं काहीही उचलावं, कापूस भरलेलं काहीही उचलू नये, हा ज्येष्ठांचा कानमंत्र. कारण कापसाबरोबर ढेकूण येतात. ढेकूण हा शब्द ऐकून ताईला मात्र परदेश एकदम ओळखीचा वाटला.

भाचीच्या अभ्यासाच्या टेबलाला खालून कोणीतरी १९९८ असा आकडा कोरून ठेवला होता. एका ड्रॉवरमध्ये तेलुगू वर्तमानपत्राचा तुकडा, दुसऱ्यात कोरियन नूडल्सचं पाकीट, आणि एका पायाखाली घडी घालून ठेवलेली कुणाच्या तरी प्रबंधाची पहिली पानं. आपल्याकडे लग्नात आलेला लेमन सेट जसा खोक्यातून न निघता घरोघर फिरतो, तसं हे टेबल मॅडिसनच्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षं फिरत असणार. फरक इतकाच, की लेमन सेट कुणी वापरत नाही.

घरात पहिला पेच पडला फोडणीचा. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छतावरच्या धुराच्या यंत्रानं असा टाहो फोडला की चंग्डूची मुलगी पासपोर्ट घेऊन रस्त्यावर आली. कागदपत्रं आधी, जीव नंतर, ही शिस्त सगळ्याच परदेशी विद्यार्थ्यांच्या अंगात भिनलेली असते. त्यानंतर चौघींची बैठक झाली. दूधवाल्याच्या लेकीनं अजेंडा काढला. (तिथं वसतिगृहात पहिल्या वर्षी रूममेट-करार लिहून घेतात: दिवा किती वाजता बंद, पाहुणे कधी, दूध सामायिक की स्वतंत्र. त्याची तिला सवय होती.) ठरलं असं, की फोडणी करायची असेल तेव्हा एकीनं खिडकी उघडायची, एकीनं यंत्राखाली टॉवेल हलवत उभं राहायचं, आणि चौथीनं वरणाची वाट पाहायची. चौथीचं काम आळीपाळीनं मिळे आणि त्यावरून भांडणं होत. चंग्डूच्या मुलीला मिरचीचं काही वाटत नव्हतं, तिनं गुंटूरवालीलाच एकदा घाम फोडला. विस्कॉन्सिनची मुलगी मात्र सुरुवातीला साध्या भाताकडेही सावधपणे बघायची.

न्हाणीघराविषयी थोडक्यात सांगते. आपली माणसं बॅगेत काय काय नेतात याची यादी कुणी केली तर गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरोबरीनं त्यात एक प्लास्टिकचं टमरेल निघेल. ते कशासाठी, हे चंग्डूनं विचारलं नाही, गुंटूरला विचारायची गरज नव्हती. विस्कॉन्सिननं त्यात एक कुंडीतलं रोप लावलं. भाचीनं काही न बोलता ग्रोसरी स्टोअरमधून दुसरं मोजपात्र आणलं.

हे सगळं फोनवर ऐकताना मला आनंदीबाई जोशींची आठवण व्हायची. बाई ४ जून १८८३ ला न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्यासाठी जामीन राहणारं माणूस धक्क्यावर हजर होतं. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर. त्यांची ओळख कशी झाली, तर आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचं पत्र छापलेलं एक मिशनरी मासिक या बाईंच्या हाती दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना पडलं. दाढ दुखणारी एक अनोळखी बाई कुणाचं तरी पत्र वाचते, उत्तर लिहिते, आणि काही वर्षांनी कल्याणच्या मुलीला स्वतःच्या घरी आणून ठेवते. कसला क्रेडिट स्कोअर होता तिथं? आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. हे वाचलं की मला दरवेळी थोडी असूया वाटते, कारण सख्खी मावशी असून मी निदान कर्जाचे कागद वाचून मग सही केली होती. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्यावर आनंदीबाईंच्या खोलीची तऱ्हा सांगतात ती अशी, की शेकोटी पेटवली तर धूर कोंडायचा आणि विझवली तर थंडी. त्यांच्या वेळी छतावर ओरडणारं यंत्र नव्हतं, खोकला होता. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि वर्षभरात गेल्या. त्या खोलीचं भाडं त्यांनी कुठल्या चलनात भरलं याचा विचार मी फार वेळ करत नाही.

आणि बाबासाहेब आंबेडकर. तेही १९१३च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले तेव्हा घर शोधणारे विद्यार्थीच होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात ते आठवडाभर राहिले. मग पश्चिम ११४व्या रस्त्यावर भारतीय विद्यार्थ्यांनी चालवलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथूनही हलले आणि लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भाथेना या पारशी मित्राबरोबर राहू लागले. आता या तीन बिऱ्हाडांकडे आजच्या विद्यार्थ्याच्या नजरेनं बघा. जेवण जमलं नाही म्हणून हललो, गर्दी होती म्हणून हललो, शेवटी चांगला रूममेट मिळाला आणि टिकलो. प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याची हीच कहाणी. फक्त या विद्यार्थ्याला आयुष्यात पहिल्यांदा हवं तसं हलता येत होतं. आमच्या भाचीला आपल्या मागं काही नाही याचं दुःख झालं होतं. त्या फॉर्मवरच्या रिकाम्या रकान्यांवर ती एक रात्र रडली होती. बाबासाहेबांना मागचं कुणी विचारत नाही हेच तिथं मिळालेलं सगळ्यात मोठं दान होतं.

कारण परत आल्यावर, १९१७ मध्ये, बडोद्याला नोकरीसाठी उतरलेल्या या कोलंबियाच्या विद्वानाला गावात खोली मिळेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनीच ते लिहून ठेवलं आहे. पारशी धर्मशाळेत, वहीत पारशी नाव लिहून, वरच्या मजल्यावरच्या अंधाऱ्या अडगळीत ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसं जिना चढून आली. दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. गुडघे दुखणाऱ्यांचा इतिहास असा जुना आहे. मग कामाठी बागेत झाडाखाली वेळ काढून रात्रीच्या गाडीनं मुंबई. ज्याच्या बिऱ्हाडाची सोय न्यूयॉर्कमध्ये तीनदा झाली, त्याची महाराजांच्या स्वतःच्या राजधानीत एकदाही होऊ शकली नाही. तो लिव्हिंग्स्टन हॉलचा रूममेट मात्र आयुष्यभराचा निघाला; बाबासाहेब पुढं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले तेव्हा त्यांना पैसे उसने देणाऱ्यांत नवल भाथेना होते. एक्सेल शीटवर खाणं आणि आडनाव यांचे रकाने आखणाऱ्या मुलांना हे ठाऊक नसतं असं नाही. कोलंबियाला गेली की ती बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर फोटो काढतात.

खोली मिळाली तरी एकाकीपणा उरतोच, आणि त्याची गोष्ट तर याहून जुनी आहे. १९०९ मध्ये कोलंबियाच्याच ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स नावाच्या गृहस्थानं समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. तो मुलगा थांबला. न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले आणि माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच, असं त्यानं सांगितलं. एडमंड्सना ते इतकं लागलं की रविवारच्या चहापासून सुरुवात करून, शेवटी रॉकफेलरांच्या पैशानं १९२४ मध्ये त्यांनी इंटरनॅशनल हाउस उभं केलं. इतक्या स्वस्तात, दोन शब्दांत, एवढी मोठी इमारत बांधून घेतलेला दुसरा विद्यार्थी माझ्या माहितीत नाही.

मॅडिसनमध्ये ऑक्टोबर उजाडला की पुढच्या ऑगस्टच्या घराची घालमेल सुरू होते. चालू घरातल्या खिडक्यांना अजून पडदे लागलेले नसतात आणि घरमालक विचारतो, पुढचं वर्ष राहणार का? चौघींना राहायचं होतं. पण या वेळी मालकानं अट घातली, देशातला एक तरी हमीदार आणा. विस्कॉन्सिनची मुलगी म्हणाली, थँक्सगिव्हिंगला माझ्या घरी चला, बाबांना विचारते.

तिघी परदेशी मुली त्या गोठ्यावर गेल्या. भाचीनं मला व्हिडिओवर गाई दाखवल्या. आजोळी आमच्या आईकडे एकच गाय होती आणि तिचं नाव कपिला होतं. इथं शंभरावर होत्या आणि कानाला बिल्ले. मुलीचे वडील फारसे बोलत नव्हते. जेवताना त्यांनी चंग्डूच्या मुलीला तुमच्याकडे पाऊस किती पडतो हे विचारलं, गुंटूरच्या मुलीपाशी आपल्याला तिखट सोसत नाही हे कबूल केलं, आणि आमच्या भाचीला ताजं चीज खायला दिलं. ते दाताखाली करकर वाजतं. वाजलं नाही तर ते शिळं. दुसऱ्या दिवशी पहाटे भाची लवकर उठून गोठ्यात गेली आणि त्यांच्या मागं मागं बादल्या उचलत फिरली. दुपारी निघताना त्यांनी मुलीच्या हातातले कागद मागितले, गाडीच्या बॉनेटवर ठेवले आणि चौघींच्या भाड्याला सही करून टाकली. गुडघे त्यांचेही दुखत होते. सकाळी गोठ्यातच त्यांनी तसं सांगितलं होतं.

हे मी भावजींना सांगितलं. भावजींनी ते संध्याकाळी कट्ट्यावर सांगितलं. काशीयात्रेवाले गृहस्थ म्हणाले, ‘तिकडे गाई जास्त असतात ना, म्हणून जमतं.’

पुढे भाचीचं लग्न झालं आणि दोघं ईगल हाइट्सला राहायला गेली. ही विद्यापीठाची संसारी विद्यार्थ्यांसाठीची वसाहत, तळ्याच्या काठाला. तिथं मी जाऊन राहिले. जिन्यातून चढताना एका मजल्यावर जिऱ्याचा, दुसऱ्यावर सोया सॉसचा, तिसऱ्यावर भाजलेल्या मिरचीचा वास येतो आणि कुठलंही यंत्र ओरडत नाही. तिथं बहुधा तेही बहुभाषिक झालं आहे. वसाहतीला लागून सामुदायिक बाग आहे, १९६०च्या दशकापासूनची. प्रत्येकाला एक वाफा. कोरियन आजी मुळे लावते, मेक्सिकोची बाई टोमॅटो, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी मराठी माणसानं मेथी लावली होती हे मी पाटी न वाचता ओळखलं, कारण वाफ्याभोवती लाल साडीच्या किनारीनं कुंपण केलं होतं. तिथल्या आज्यांची आणि माझी एकही भाषा समान नव्हती. नातवंडं, गुडघे आणि गोगलगायी या तीन विषयांवर आमचं उत्तम चालायचं.

तळं गोठलं की नाही हे मॅडिसनवाले फार बारकाईनं ठरवतात. मेंडोटाच्या बर्फाच्या तारखा १८५०च्या दशकापासून लिहून ठेवलेल्या आहेत. पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत नेता येते का, ही कसोटी; ही कसोटी कधीकाळी पलीकडे बिअरची पेटी पोचवण्याच्या गरजेतून निघाली, असं तिथले लोक गंभीर चेहऱ्यानं सांगतात. मी बर्फ पडायच्या आत परत आले. जामीनदारानं प्रकृतीला जपावं लागतं.

आता भाचीला नोकरी लागली आहे, त्याच गावात. माझा जामीन सुटला. तिचा क्रेडिट स्कोअर बाळसं धरून आहे आणि त्याची वाढ ती मला नातवाच्या वजनासारखी फोनवर कळवते. परवा जानेवारीत तिचा फोन आला तो एका फॉर्मविषयी. लातूरचा कोणी मुलगा मधल्या सत्राला आला होता. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून बसनं येऊन उतरला, ८० नंबरच्या विद्यापीठाच्या फुकट बसमध्ये चढला, कुठं उतरायचं ते कळेना म्हणून शेवटपर्यंत बसून राहिला. तिथं भाची दिसली, तिच्या पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती, म्हणून त्यानं मराठीत विचारलं, ‘ताई, इथं रूम कुठं भेटंल?’ भाचीनं त्याला खोली शोधून दिली आणि हमीदार म्हणून सहीसुद्धा करून टाकली.

‘अगं, किती दिवसांची ओळख?’ मी विचारलं.

‘मंगळवारपासूनची.’

‘आणि फॉर्मवर नातं काय लिहिलंस?’

‘८० नंबरची बस.’

माझ्यातला निवृत्त जामीनदार जागा झाला. ‘आणि भाडं बुडवून पळून गेला म्हणजे?’

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘बाहेर उणे तेवीस आहे. पळणार कुठं?’